परसातले गाजरगवत
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची ही पहिलीच वेळ. म्हणून अनुभवाने शिकले तेवढेच सांगते.

गाजरगवत आपणा सर्वांच्या ओळखीचे. पाने गाजरासारखी, फुले पांढरी नि बारीक. कोणी त्याला चटकचांदणी म्हणतात. मूळचे ते अमेरिका खंडातले. १९५५-५६ च्या सुमारास आपल्या पुण्यातच ते प्रथम नजरेत भरले. परदेशी गव्हाबरोबर आले, असे सांगतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या परसात ते कमरेइतके माजले. मी भर फुलोऱ्यात उघड्या हातांनी उपटले आणि भिंतीपलीकडे काकूंच्या मोकळ्या जागेत टाकून दिले. आपले परस स्वच्छ झाले म्हणजे झाले, हा माझा हिशेब! पुढे माझ्या मनगटांवर चट्टे उठले, ते औषधाने गेले. पण पुढल्या पावसात भिंतीच्या दोन्ही अंगांना रान माजले. ते फुलले आणि काकूंचा दमा उसळला. याचे पराग दमेकऱ्यांना बाधतात, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले. हळदीकुंकवाला त्यांच्या घरी जायची मला लाज वाटू लागली. शेवटी एक दिवस जाऊन खरे ते सांगितले. काकू म्हणाल्या, "सांगितलेस ते बरे केलेस. आता आमच्या सूनबाईला बरोबर घे आणि दोन्हीकडचे काढा."

तसे आम्ही केले. एकेका मोठ्या रोपाला हजारो बिया धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. रोप महिन्याभरात फुलावर येते. म्हणून फुलण्याआधीच, माती ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे, लांब बाह्या आणि नाकाला फडके हवेच. दमेकऱ्यांनी व मुलांनी दूर राहावे. फुले न आलेले गवत खताच्या खड्ड्यात चालते. फुललेले मात्र घालू नये. रिकाम्या जागी टाकळा पेरावा. तो गाजरगवताला दाबतो, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते.

अजून चार रोपे उगवतातच. पण रान उरलेले नाही.

माझी विनंती एवढीच, की पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आपण सर्वजणींनी तासभर एकत्र निघावे. एकटीचे परस साफ करून भागत नाही, हे मी चुकूनच शिकले.