भरल्या गाडीचे चाक बसले तर



दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठकुठचे घोडे तिथे विक्रीला येतात. बहुतेक ट्रकातूनच येतात. आज मी यात्रेबद्दल नाही, वाटेबद्दल बोलणार आहे. समजा, दोंडाईचा मागे पडलं, ट्रकात चार घोडे उभे आहेत, आणि धाडकन मागचं चाक फुटलं. आता काय करायचं?

चार घोडे म्हणजे सव्वा ते दीड टन वजन झालं. पोत्यांचं ओझं जागेवर बसून राहतं. हे ओझं मात्र पाय बदलतं, बिचकतं, एका अंगाला कलतं. म्हणून पहिली गोष्ट ही, की ब्रेकवर जोरात पाय देऊ नका. सुकाणू घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा आणि वेग आपोआप उतरू द्या. मग डाव्या अंगाला, सपाट आणि घट्ट जमीन पाहून थांबा. वळणावर, पुलावर किंवा भुसभुशीत कडेवर थांबू नका. त्यासाठी बसलेल्या चाकावर थोडं सावकाश पुढे जावं लागलं, तर खुशाल जा. टायर गेला तरी चालेल, माणूस जाता कामा नये.

थांबल्याबरोबर इशाऱ्याचे दिवे लावा आणि मागे लाल त्रिकोण ठेवा. तो किती लांब ठेवायचा? शिक्षक मित्रांनो, हे गणित मुलांना जरूर घाला. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे 50 मीटरवर ठेवलेला त्रिकोण मागच्या माणसाला अवघे तीन सेकंद देतो. मोठ्या रस्त्यावर, विशेषतः रात्री, तो आणखी लांब ठेवावा.

आता खरा वाद सुरू होतो. ड्रायव्हर म्हणतो, "मालक, घोडी खाली घ्या, गाडी हलकी होईल." ऐकायला बरं वाटतं, पण रस्त्याच्या कडेला बिचकलेला घोडा हातातून सुटला, तर तो स्वतः मरेल आणि एखाद्या मोटारसायकलवाल्यालाही घेऊन जाईल. म्हणून जनावरं आतच राहू द्यावीत. आग लागली, गाडी कलंडू लागली किंवा भरल्या गाडीला जॅक पेलेनासा झाला, तरच उतरवावीत. तेही रहदारीच्या उलट बाजूला, शेतात किंवा कुंपणाआड, दर घोड्याला एक माणूस देऊन. मागे एकटं उरलेलं जनावर फार दंगा करतं, तेव्हा त्याचा सोबती लांब नेऊ नका.

काम करताना घोड्यांच्या ओळखीचा माणूस त्यांच्या तोंडाशी उभा ठेवा. त्यानं बोलत राहावं, गवताची पेंढी पुढे करावी. उन्हाची वेळ असेल तर ताडपत्री वर करा. गाडी थांबली की आतला वारा थांबतो. पाणीही दाखवा. मोठा घोडा दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी पितो, हे निघतानाच ध्यानात धरावं.

चाक बदलण्याचा क्रम सोपा आहे. हातब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. वर उचलल्यावर चाक फिरतं आणि नट हलत नाहीत. जॅकखाली जाड फळी घाला. जॅक किती टनांचा आहे ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीला तो पुरतो का, हे घरीच पाहून ठेवायचं. चाक सुटेल एवढंच उचला. गाडीखाली कोणी डोकं घालायचं नाही, कारण आत एका घोड्यानं अंग टाकलं तरी जॅक सरकू शकतो. नवीन चाकाचे नट ओळीनं आवळू नका, समोरासमोरचे आवळा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा पाना फिरवा.

मागे जोडचाक असलं, म्हणजे एक बसलं तरी गाडी उभी राहते. मग "यात्रेपर्यंत चालेल" असा मोह होतो. पण सगळा भार शेजारच्या चाकावर पडतो, ते तापतं आणि तेही फुटतं.

बहुतेक टायर फुटतात ते हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला बाजूंनी वाकतो आणि तापत जातो. म्हणून सकाळी, टायर थंड असताना हवा बघा, स्टेपनीतलीही बघा. पुष्कळांची स्टेपनी ऐनवेळी बसलेलीच निघते! बरोबर जॅक, पाना, फळी, त्रिकोण, बॅटरी, पाण्याची टाकी आणि पशुवैद्याचा दाखला असू द्या. नंबरही लिहून ठेवा: राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033, जीवावर बेतलं तर 112, जनावराला इजा झाली तर 1962.

बंधूंनो, चाक तासाभरात बदलून होतं. उमदं जनावर वाढवायला मात्र वर्षं लागतात. त्या तासात घाई करू नका, एवढंच सांगून रजा घेतो.