एका कागदाची खिशातली वही



१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यासाठी चरखाच हवा असे नाही; एक कागदही पुरेसा होतो.

एका बाजूने वापरलेला, २९.७ सें.मी. लांब व २१ सें.मी. रुंद कागद घ्यावा. दर वेळी लांब बाजू निम्मी करीत तीनदा दुमडून उलगडल्यास आठ समान आयत मिळतात. आखूड कडा जुळवून कागद पुन्हा दुमडावा व दुमडीच्या मध्यापासून आडव्या घडीपर्यंतच कापावा. मग उलगडून, कोरी बाजू बाहेर ठेवून, लांब कडा जुळवाव्यात आणि दोन्ही टोके मध्याकडे ढकलावीत. खळ वा दोरा न लागता मुखपृष्ठासह आठ पृष्ठांची वही होते. जुना मजकूर आत दडतो.

वही खराब होईल या भयाने पुष्कळ मुले लिहितच नाहीत. आठ पृष्ठे मात्र लवकर भरतात, आणि तो आनंद दुसरी वही मागतो. इन्सुलीचे मूल तीत वाटेवरचे पक्षी, पावसाचे दिवस, पुस्तकातल्या ‘कोकमा’चे घरचे नाव ‘भिरंड’, असे काहीही टिपील. या वहीस गुण देऊ नयेत. मुलाने आपण होऊन दाखविली, तर शिक्षकाने ती आवडीने वाचावी.