पहिली सोनोग्राफी : घाबरू नका, विचारून घ्या
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

तायांनो, आज कर्जफेडीचा विषय नंतर घेऊ. आपल्या गटांत सध्या काही जणी पहिलटकरीण आहेत, काहींच्या सुना आहेत. सोनोग्राफीचं नाव काढलं की दोन प्रश्न हमखास येतात : बाळाला त्रास होतो का, आणि किती पैसे लागतात.

त्रास होत नाही. हा एक्स-रे नव्हे. यात आवाजाच्या लहरी असतात, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या. आणि पैशाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची खास तपासणीही असते. गटातून कर्ज काढायच्या आधी आशाताईंना विचारा.

पहिली सोनोग्राफी साधारण तिसरा महिना भरत येताना, ११ ते १३ आठवड्यांत करतात. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली ते आठवून ठेवा. "नागपंचमीच्या आसपास" एवढं आठवत असेल तरी सांगा, कॅलेंडर बघून तारीख काढता येते. उपाशी जायची गरज नाही, जेवून जा. तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी प्या आणि लघवी तुंबवून ठेवा. सुरुवातीच्या दिवसांत त्यामुळे चित्र नीट दिसतं. अवघड वाटतं खरं, पण तेवढं सोसा!

आत गेल्यावर पोटावर गार जेल लावतात आणि त्यावरून मशीनची मूठ फिरवतात. कधीकधी दिवस फार थोडे असले तर अंगावरून, म्हणजे योनीमार्गातून तपासावं लागतं. तेव्हा डॉक्टरांनी आधी सांगून तुमची परवानगी घ्यायला हवी, आणि नर्सताईंना जवळ थांबायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. लाजू नका. डॉक्टर गप्प असले म्हणजे काही वाईट आहे असंही नाही. ते मोजमापं घेत असतात.

रिपोर्टमध्ये बाळाचे ठोके, लांबी आणि बाळंतपणाची तारीख असते. ही तारीख जपून ठेवा. आठव्या महिन्याच्या रिपोर्टात वेगळी तारीख आली की घरात गोंधळ उडतो. पण पहिल्या तीन महिन्यांतली तारीख जास्त भरवशाची असते. "वार खाली आहे" असं लिहिलं असेल तरी लगेच हबकू नका. पिशवी वाढते तशी ती बहुतेक वेळा वर सरकते, पुढच्या तपासणीत परत बघतात. मात्र अंगावरून रक्त गेलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता जे कोणी उघड बोलत नाही ते. सोनोग्राफीआधी एक फॉर्म भरून सही किंवा अंगठा घेतात. त्यात आधी किती मुलगे, किती मुली हेही विचारतात. ते कायद्याने विचारावंच लागतं. तुम्हाला गर्भलिंग जाणून घ्यायचं नाही, असं तुम्ही त्यात लिहून देता. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. या तपासणीवर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, १९८८ साली. मग १९९४ ला देशभर कायदा झाला. खुणेनं सांगणं, पेढा-जिलेबी म्हणून सुचवणं, सगळं गुन्हाच.

घरचे म्हणतील, "विचार ना जरा, काय आहे ते." विचारणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आणि हे लक्षात ठेवा : बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा आधी धरून चालतो. म्हणजे तुम्हाला एकटीला पुढे करून कुणी सुटत नाही. सासूबाई इथे बसल्या असतील तर त्यांनीही ऐकलं, बरं झालं.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही चुकवू नका, बाळात काही व्यंग आहे का ते तेव्हा दिसतं. कुणाला एकटीने जायची भीती वाटत असेल तर बैठक संपल्यावर मला नाव सांगा, आपण गटातली कुणीतरी सोबत पाठवू.