वाकवून बघा



विमानचालकांची चामडी जॅकेटं सध्या आपल्याकडच्या तरुण मंडळींच्या फार मनात भरली आहेत. तीही नवी नव्हेत. जुनी, वापरलेली, मोबाइलवर फोटो बघून मागवलेली. बुलेटवरून आंबोलीला किंवा गगनबावड्याला जायचं तर अंगावर तसं जॅकेट हवं, हे मला पटतं. चांगलं चामडं दोन पिढ्या टिकतं, मग जुनं घेण्यात कमीपणा कसला? पण माझं काम चामड्याच्या दुरुस्तीचं. ही जॅकेटं माझ्याकडं येतात ती पैसे देऊन झाल्यावर. आणि त्यातली बरीच अशी असतात की मला हात जोडून परत पाठवावी लागतात. म्हणून आज एवढं एकच सांगायचंय. चामड्याची चकाकी बघू नका, चामडं वाकवून बघा.

चामडं म्हणजे तंतूंचं दाट जाळं. कमावताना त्या तंतूंमध्ये तेल, चरबी मुरवलेली असते. त्यामुळं तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि चामडं वाकतं. वर्षानुवर्षं उन्हात, पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत पडून ते तेल आटलं की तंतू एकमेकांना घासून तुटायला लागतात. एकदा तंतू तुटला की तुटला. वरून कितीही तेल चोळा, रंग गडद होईल, फोटो छान येईल, पण तुटलेला तंतू जोडला जात नाही. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून फोटो काढायच्या आधी जॅकेटवर तेलाचा नाहीतर पॉलिशचा हात फिरतो. तुम्हाला वाटतं, काय तकाकी आहे!

आपल्याकडं म्हैस घ्यायला गेलेला माणूस असा भुलतो का? बाजारात म्हैस धुऊन आणलेली असते, शिंगांना तेल लावलेलं असतं, कास भरलेली दिसावी म्हणून आदल्या वेळचं दूध काढलेलं नसतं. आपला शेतकरी हे सगळं बघतो आणि काही बोलत नाही. तोंड उघडून दात बघतो, म्हैस चालवून बघतो, कितव्या वेताची आहे ते विचारतो, आणि धारा काढून बघितल्याशिवाय पैशाला हात घालत नाही. एका वेळेला नाही, दोन वेळेला, कारण तुंबवलेली कास पहिल्या धारेला फसवते. कोल्हापुरात गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला हे मी काय सांगावं! पण त्याच घरातला मुलगा रात्री अकरा वाजता चार फोटो बघतो आणि हजारो रुपये पाठवून मोकळा होतो. अरे बाळा, धार कुठं काढलीस?

जॅकेटाची धार म्हणजे वाकवणं. विकणाऱ्याला सांगा, दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. त्यात बाहीचं कोपर दुमडून दाखवायचं, मग सोडायचं. कॉलर उलटी करून तिच्या घडीची रेघ दाखवायची. दुमडल्यावर बारीक सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर विरून गेल्या, तर चामडं जिवंत आहे. सुरकुती तशीच राहिली आणि तिच्या तळाशी फिकट, खरबरीत रेघ दिसली, तर वरचा थर तडकलाय. तेवढ्या भागापुरतं जमवून घेता येतं, पण किंमत उतरवून घ्या. आणि वाकवल्यावर विटकरी रंगाची भुकटी झडली, तर तिथंच थांबा. झाडाच्या सालीत कमावलेलं जुनं चामडं आतून आम्ल धरलं की असं होतं. त्यावर इलाज नाही. टाका घालावा तर सुईच्या भोकातून पुढं फाटत जातं.

व्हिडिओ पाठवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. त्याला राग आला तर येऊ दे.

माझ्याकडं येणारे लोक नेमके उलट वागतात, याचं वाईट वाटतं. अस्तर फाटलं म्हणून उत्तम जॅकेट नाकारतात. चेन बिघडली म्हणून नाकारतात. मनगटाच्या, कमरेच्या विणलेल्या पट्ट्या कसरीनं खाल्ल्या म्हणून नाकारतात. अहो, अस्तर नवं बसतं, चेन नवी बसते, पट्ट्या विणून मिळतात. चामडं मात्र नवं बसत नाही. अस्तर फाटलेलं, चेन अडकणारी, पण कोपरापाशी छान वाकणारी जॅकेटं असतात, आणि तीच स्वस्तात मिळतात. कोपराला, खिशाच्या कडेला रंग घासून फिकट झालेला असतो, तोही दोष नव्हे. ती वापराची खूण आहे. घासलं जाणं वेगळं आणि तडकणं वेगळं. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून पुन्हा सांगतो, वाकवून बघा.

आता ‘महायुद्धातलं अस्सल’ म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल थोडं. अमेरिकी सैन्यानं ए-टू नावाचं जॅकेट १९३१ साली स्वीकारलं. आपला उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांनी बांधला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. ही जॅकेटं बहुतेक घोड्याच्या, काही बकऱ्याच्या कातड्याची. पुढं झाकणाचे दोन खिसे, खांद्यावर पट्टे, चेनच्या मागं वाऱ्यासाठी पट्टी. त्या मूळ जॅकेटाला हात घालून उभं राहायचे बाजूचे खिसे नव्हते. म्हणजे बाजूला खिसे दिसले की ते युद्धातलं नव्हे. नायलॉनची चेन दिसली तर ती नंतर बदललेली, नाहीतर जॅकेटच युद्धातलं नव्हे, त्या काळी धातूच्या चेन असत. अमेरिकी नौदलाच्या जी-वनला लोकरी कॉलर असते. १९८६ च्या ‘टॉप गन’ सिनेमानं ते घराघरांत नेलं. इंग्रज वैमानिकांचं अर्विन तर मेंढीचं, आतून लोकरीसकट. पण खरं सांगू का, नक्कल असली तरी माझी तक्रार नाही. नक्कल चांगल्या चामड्याची असेल तर ती खुशाल घाला. फक्त नकलेला अस्सलची किंमत देऊ नका. आतल्या लेबलावर तर मुळीच विसंबू नका, लेबल शिवायला पाच मिनिटं लागतात.

आणि रेक्झिन. रेक्झिनचा वरचा पापुद्रा सुटून येतो आणि खाली कापड दिसतं. चामड्याचा असा पापुद्रा निघत नाही. उघड्या कडेचा, जिथं कापलेली बाजू दिसते तिथला जवळून फोटो मागा. कडेला दाट, केसाळ तंतू दिसायला हवेत.

आपल्या सुभाषनगरातल्या कोल्हापुरी चपलेच्या कारागिराला यातलं काही शिकवावं लागत नाही. बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेला तळ तो आधी हातात घेऊन वाकवतो, मगच त्याला आरी लावतो. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर मागवण्याआधी तो व्हिडिओ त्याला दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तो आनंदानं सांगेल.

माप विचारताना एम, एल विचारू नका. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर इंचात विचारा आणि आपल्या अंगाला बसणाऱ्या जॅकेटाशी ताडून बघा. पैसे सगळे आगाऊ पाठवू नका. एखादा माणूस स्वतःचं जुनं जॅकेट विकतो तेव्हा दुकानासारखी परतीची सोय नसते. फसवणूक झालीच तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० या नंबरावर फोन करा.

बुरशीचं बोलायचं राहिलं, आणि आपल्या पावसात तेच महत्त्वाचं. पांढरी बुरशी वरवर असेल तर पुसली जाते, वास मात्र अस्तरात बसतो. विकणाऱ्याला वासाचं सरळ विचारा. पुराच्या पाण्यात भिजून वाळलेलं चामडं कसं ताठ होतं, ते २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तसं जॅकेट व्हिडिओत वाकतच नाही, बाही उभीच्या उभी राहते. घरी आणल्यावर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, हवा लागेल असं टांगा. ओलं झालं तर सावलीत वाळवा, गॅसजवळ नाही. आणि तेल लावायचं तर आधी धूळ पुसून, अगदी थोडं, आणि तेही कुठलं... खोबरेल तर नकोच, त्याचं कारण सांगायला हवं होतं, पण समोरून वेळ झाल्याची खूण होतेय. तेलाचं पुढच्या वेळी बोलू.