बाळंतिणीच्या उशाशी कोण?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर बाळंतपणाचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. हा विषय माजघरात आणि तोही दबक्या आवाजात बोलायचा, अशी आपल्याकडची रीत आहे. या बाबतीत हिंदू, मुसलमान, गोंड असा काही भेद नाही. पण ज्या मुली आज आपल्या वर्गांतून बसल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींना एक दिवस त्या खोलीत जायचे आहे. आणि काहींना परिचारिका किंवा डॉक्टर होऊन त्याच खोलीत खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभे राहायचे आहे. म्हणून हा विषय शिक्षणाचाच आहे, असे मी मानते.

हल्ली मोठ्या शहरांतून ‘डूला’ असा एक शब्द ऐकू येतो. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ डाना राफेल यांनी तो १९७० च्या सुमारास बाळंतिणीला आधार देणाऱ्या अनुभवी बाईसाठी वापरला आणि पुढे तो रूढ झाला. ही बाई बाळंतपण करीत नाही, औषध देत नाही. कळा सुरू झाल्यापासून मूल छातीशी लागेपर्यंत ती बाळंतिणीला सोडून जात नाही, एवढेच तिचे काम. पाठ चोळते, पाणी पाजते, धीर देते. आता यात नवे काय, असे आपल्या घरातली कोणीही वडीलधारी बाई विचारील. आपल्याकडे हे काम दाई करीत असे, आई करीत असे, खाला करीत असे, आणि वेळ आली तर शेजारीणही करीत असे. त्यासाठी कोणी पैसे घेत नव्हते की नाव ठेवत नव्हते.

नवे आहे ते त्याचे मोजमाप. १९८० साली ग्वाटेमालातील एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे काही बायकांजवळ प्रसूती होईपर्यंत एक साधी, अनोळखी बाई बसवली होती आणि काहींना नेहमीप्रमाणे एकटे ठेवले होते. ज्यांची प्रसूती विनासायास झाली त्यांत एकट्या राहिलेल्यांना दाखल झाल्यापासून सरासरी सुमारे १९ तास लागले. सोबत असलेल्यांना सुमारे ९ तास. पुढे २०१७ साली १७ देशांतील २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सतत सोबत मिळाली तर शस्त्रक्रिया कमी होतात, वेदनाशामक औषधे कमी लागतात आणि बाळंतपणाविषयी मनात कडवटपणा कमी राहतो, असे त्यातून दिसले. याचे कारणही समजण्यासारखे आहे. भीतीने शरीरात जी द्रव्ये सुटतात ती कळांना मंद करतात. गोठ्यातली गायसुद्धा गर्दी झाली, अनोळखी माणूस आले की विणे लांबवते, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगायला नको.

हे सर्व दूरदेशीचे झाले. आपल्या जिल्ह्यांकडे पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार निघाला. आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी समजूत होती. या बायका इतकी वर्षे गप्प का राहिल्या? त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि विचारणारा पुरुष असता तर त्या बोलल्याही नसत्या.

त्याच संस्थेने पुढे दवाखाना बांधायचे ठरवले, तेव्हा लोकांना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. तुमचे डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढऱ्या कपड्यात मढे गुंडाळतो. इमारत मोठी, आत गेलेला माणूस चुकतो. आणि मुख्य म्हणजे तुम्ही आजाऱ्याला आत घेता आणि आम्हांला बाहेर काढता. म्हणून तो दवाखाना खेड्यासारखा झोपड्यांचा बांधला गेला, रोग्याजवळ घरच्यांना राहता येईल असा, आणि लोकांच्या देवीच्या नावावरून त्याचे नाव माँ दंतेश्वरी दवाखाना ठेवले गेले. एका अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाने सांगितलेली ही तीन कारणे मला कित्येक जाड अहवालांपेक्षा मोलाची वाटतात.

परंतु दाईचे गुणगान करताना तिच्या उणिवा झाकू नयेत. पोटावर दाब देणे, पहिला चीक पिळून फेकणे, नाळ हाती येईल त्याने कापणे, हे प्रकार होत होते आणि त्यांत बाळे गेली, आया गेल्या. मूल झाल्यावर रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोन तासांतही जाऊ शकते. तिथे कोणाची माया उपयोगी पडत नाही. इंजेक्शन लागते, रक्त लागते. ‘सर्च’ने ३९ गावांत शिकवलेल्या आरोग्यदूत बायका दाईबरोबर प्रसूतीच्या वेळी हजर ठेवल्या. दाईला कोणी घालवून दिले नाही. तीन वर्षांत त्या गावांतील नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे जगापुढे आले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत देशभर नेण्यात आली.

आता सरकारी धोरण दवाखान्यातच बाळंतपण व्हावे असे आहे, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९५ च्या घरात गेला. २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषध, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत देण्याचा नियम आहे. भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि बाईला खाटेवर घालून आणावे लागते. अशा दुर्गम भागांतल्या गरोदर बायकांसाठी आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ आहे. दिवस भरण्याआधीच तिने एखाद्या नातेवाइकासह तिथे येऊन राहावे, जेवणाची सोय तिथेच. योजनेचे नाव फार चांगले दिले आहे. पण माहेर म्हटले की तिथे आपली भाषा बोलणारे कोणी हवे. माडिया बोलणारी बाई, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी बाई, चंद्रपूरच्या मोहल्ल्यातली घरात उर्दू बोलणारी बाई, या सगळ्यांना कळांमध्ये मराठी सुचत नाही. ‘जोर लाव’ म्हटलेले तिला कळले नाही की आवाज चढतो, आणि मग चापटही बसते. हे कोठे घडते याची नावे घेण्याचे हे ठिकाण नव्हे. या सभागृहातील बायकांना विचारा. ‘तेव्हा नाही का लाज वाटली’ हे वाक्य ज्यांनी कधी ऐकले नाही अशा किती निघतील?

पडद्याविषयीही दोन शब्द बोलते. मुसलमान बाई पडदा मागते तेव्हा तिचे काही धर्माचे खूळ आहे असे समजले जाते. वस्तुतः दोन खाटांमध्ये पडदा प्रत्येक बाईला हवा असतो. आपली बाई तो मोठ्याने मागते, इतकेच. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्या घराचा पाया हाच होता: येणाऱ्या बाईला नाव-गाव विचारून छळायचे नाही, तिने गुपचूप यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे. समाजाने टाकलेल्या विधवेला दीडशे वर्षांपूर्वी जी अदब मिळाली ती आज लग्नाच्या बाईला मागावी लागते.

कागदावर मात्र पुष्कळ झाले आहे, आणि ते आपल्याला माहीत असणे जरुरीचे आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांतून बाळंतिणीजवळ एक स्त्री सोबतीण राहू द्यावी असे कळवले. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहाच्या दर्जामध्ये ही सोबत आणि सन्मानाची वागणूक धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही सोबतीण आहे, चालण्याफिरण्याची मुभा आहे, पाणी-अन्न घेण्याची मुभा आहे आणि स्वतःला सोसेल त्या स्थितीत प्रसूत होण्याची मुभाही आहे. आमच्या दाया बाईला उकिडवी बसवीत, दोरीला लोंबू देत. त्याला गावठी म्हणून हसणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. नाळेचेही तसेच. ती तोडण्याआधी निदान एक मिनिट थांबावे असे आता शास्त्र सांगते. वार पडेपर्यंत थांबणाऱ्या म्हाताऱ्या दाया आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील.

मग अडते कोठे? जागा अपुरी असते, परिचारिका एक आणि खाटा अनेक असतात. तिची बाजूही पाहिली पाहिजे. रात्रपाळीला एकटीने चार बाळंतपणे काढणाऱ्या मुलीकडून गोड शब्दाची अपेक्षा करताना आपल्याला थोडी लाज वाटली पाहिजे. पण नेमके म्हणूनच सोबतीण तिच्या सोयीची आहे. आणि अडते ते आपल्या घरांतही. आमच्याकडचे पुरुष दवाखान्याच्या दारापर्यंत येतात, फॉर्मवर सही करतात आणि चहाला जातात. आत कोणाला पाठवायचे हे कोणी आधी ठरवलेलेच नसते. सासू घाबरट असली तर ती आत जाऊन रडते, आणि तिला बाहेर काढले तर त्यात दवाखान्याची चूक नाही.

तेव्हा सातव्या महिन्यातच माणूस ठरवा. ती स्वतः बाळंत झालेली असावी, धीराची असावी, तिला सर्दी-खोकला, ताप नसावा. तपासणीच्या दिवशी तिला बरोबर न्या, परिचारिकेशी तिची ओळख करून द्या, आणि ‘ही आत राहील’ असे तेव्हाच सांगून ठेवा. ऐन वेळी दारात भांडण नको. तिने डॉक्टरांच्या कामात हात घालू नये, इंजेक्शन वाढवा किंवा लवकर मोकळी करा असे म्हणू नये. मूल झाले की नातेवाईक सगळे मुलाकडे धावतात, मुलगा की मुलगी याची चर्चा सुरू होते आणि आई एकटी पडते. सोबतिणीने तेव्हा आईजवळच थांबावे. तिच्या खालचे कापड दर थोड्या वेळाने पाहावे. ते भरभर भिजत असेल, ती फिकी पडत असेल, तिला घाम फुटत असेल, तर संकोच न करता त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारावी, आणि कोणी येईपर्यंत तिचा हात सोडू नये.