पूर ओसरताना ढासळणारा काठ



आज मी पिकाविषयी बोलणार नाही. आपले पीक जिथे संपते आणि नदी जिथे सुरू होते, त्या मधल्या दहा-पंधरा फुटांविषयी बोलणार आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठी ज्यांचे मळीचे रान आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐकावे. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच दिसते. पण रानात उभे राहून मोजले तर वडिलांच्या वेळी नदीपर्यंत पंचवीस सऱ्या होत्या, आज बावीस भरतात. तीन सऱ्या गेल्या कुठे? नदीत गेल्या.

२००५, २०१९ आणि २०२१ हे तीन मोठे पूर आपल्या भागाने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. असला पूर झाडांनी अडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार झाडे लावा म्हणजे महापूर येणार नाही, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. मी सांगतो आहे ते फक्त काठ राखण्यापुरते.

काठ ढासळतो केव्हा? पाण्याला जोर असताना, असे बहुतेकांना वाटते. त्या वेळी पाणी काठाचा पायथा खाते, हे खरे. पण मोठी दरड सुटते ती पाणी उतरताना. असे बघा, पुरात काठाची माती पाणी पिऊन फुगते, जड होते. तोपर्यंत नदीचे पाणीच तिला बाहेरून टेकू देत असते. पाणी झपाट्याने उतरले की टेकू जातो आणि मातीतले पाणी मात्र आतच राहते. मग ओल्या पोत्यासारखा तो तुकडा खाली बसतो. त्यात आपली जमीन काळी. उन्हाळ्यात काठाला समांतर भेगा पडलेल्या असतात, आणि तुकडा नेमका त्या भेगेवरून सुटतो. म्हणून पाणी उतरल्यावर पहिले काही दिवस काठाच्या टोकाला उभे राहू नये, तिथे जनावर बांधू नये आणि मोटार बघायला एकट्याने खाली उतरू नये.

उसाची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात. काठ पंधरा-वीस फूट उंच. मग खालची माती धरणार कोण? पूर्वी ती धरणारी झाडे होती. आपण एकेक सरी वाढवण्यासाठी ती काढली, राहिलेली पाचटाच्या आगीत होरपळली. औदुंबरला किंवा नृसिंहवाडीला नदीकाठी जाल तेव्हा जरा झाडांकडेही बघा. उंबराला आपण देवाचे झाड म्हणून हात लावत नाही. तेवढा मान बाकीच्यांच्या वाट्याला आला नाही.

आता झाडे कोणती? इथेच बहुतेकांचे चुकते. नदीकाठ म्हणजे एक जागा नव्हे, एकावर एक पायऱ्या आहेत. अगदी खाली, जिथे दर पावसाळ्यात पाणी असतेच, तिथे ताठ झाडाचे काम नाही. तिथे वाकणारे पाहिजे. शेरणी नावाचे झुडूप तुम्ही नदीच्या खडकांत पाहिले असेल. पाणी वरून गेले तरी ते आडवे पडते आणि पुन्हा उठते. लव्हाळ्याचे उदाहरण कीर्तनात आपण ऐकतोच, त्याचीच ही मोठी बहीण समजा. तिच्या जोडीला वाळुंज. वाळुंजाचे खोड पाण्यात राहिले तर त्याला खोडावरच नवी मुळे फुटतात, म्हणून ते गुदमरत नाही. दोन्ही झाडे फांदीपासून लागतात, रोपाला पैसा घालावा लागत नाही. वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड, तीन फूट लांब फांदी घ्यावी, पहारीने भोक पाडून दोन फूट आत घालावी आणि माती पायाने दाबावी. शेंडा वर, बुडखा खाली, एवढे मात्र ध्यानात ठेवा. एकाच झाडाच्या सगळ्या फांद्या तोडू नयेत.

त्याच्या वर, काठाच्या उतारावर निरगुडी आणि वाळा. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही, हा तिचा मोठा गुण. वाळ्याचे ठोंब उताराला आडव्या ओळीत, वीतभर अंतराने लावावेत. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत पुरुषभर खोल जातात. आणि एक सांगतो, हसू नका: उतारावर हरळी असेल तर ती राहू द्या. रानात ती आपली वैरीण आहे हे मला ठाऊक आहे, कुदळ घेऊन मीही ती खणली आहे. पण पाण्याखाली बरेच दिवस राहून पुन्हा हिरवी होणारी आणि गाळ धरून ठेवणारी दुसरी एवढी स्वस्त गोष्ट नाही.

माथ्यावर करंज, जांभूळ, अर्जुन आणि उंबर लावावेत. कळकाचे बेट लावायचे असेल तर ते माथ्यावरच, कडेपासून चांगले आत. ढासळत्या कडेवर बेट लावले तर त्याची मुळे उथळ आणि वजन भारी, ते दरडीसकट खाली येते.

लावायचे केव्हा? इथे माझीच चूक सांगतो. २०१९ सालच्या जुलैत आम्ही एका गावच्या काठावर हौसेने रोपे लावली. खड्डे चांगले, रोपे चांगली, पाऊसही चांगला. महिन्याच्या आत पूर आला. पाणी उतरल्यावर जाऊन पाहिले तर खालच्या उतारावर एकही रोप उभे नव्हते. काही वाहून गेली, उरलेली गाळाखाली कुजली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, नदी यायच्या वक्ताला पोरं नदीत कोन सोडतं?” मला उत्तर देता आले नाही. माळावर जुलैची लागण योग्य. नदीच्या उतारावर नाही. इथे पूर ओसरून वाफसा आला की लावावे, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जमिनीत ओल असते, वर ताजा पोयटा असतो आणि पुढच्या पुरापर्यंत आठ-नऊ महिने मुळांना मिळतात. मार्च ते मे आठवड्याला एक घागर पाणी घालावे लागेल, तेवढी तयारी ठेवा. जांभळाची बी ताजीच पिशवीत टोकावी, वाळली की उगवत नाही. जांभळाचे रोप एक वर्ष घरी वाढवून कमरेइतके झाल्यावरच काठावर न्यावे.

तुम्ही म्हणाल, “सावली पडतीय, पाखरं बसत्यात, आन् रान जातंय ते येगळंच.” सावली पडते हे खरे. कडेच्या दोन सऱ्या हलक्या निघतील. पण हिशेब करा. नदीला दोनशे फूट लागून असलेल्या रानात पंधरा फुटांचा पट्टा सोडला तर पावणेतीन गुंठे जातात. तोच काठ वर्षाला तीन फूट ढासळला, तर दहा वर्षांत साडेपाच गुंठे जातात आणि ते परत मिळत नाहीत. पट्ट्यातून निदान जांभळे, करंजाच्या बिया आणि वाळ्याची मुळे तरी मिळतात. वाळ्याची मुळे काढायची तर माथ्यावरच्या ओळीतली काढा, उतारावरची नाही.

पात्रात मात्र काही लावू नये. पाण्याला वाट पाहिजे, आणि पात्र सरकारचे आहे. काठाच्या पायथ्याची वाळू किंवा माती कोणी उपसत असेल तर वर लावलेल्या झाडांचा काही उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगतो. कुंपणाला म्हणून बेशरम आणू नका. तिचा तुकडा वाहत गेला तरी खालच्या गावात रुजतो, आणि तिच्याखाली आपली झाडे उठत नाहीत. सुबाभूळही आणू नका.

आणखी एक. भिलवडी, औदुंबर या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. थंडीत त्या उन्हाला काठावर येतात. पायथ्याचे काम दोघांनी मिळून करावे, एकाने पाण्याकडे लक्ष ठेवावे, आणि अंधार पडायच्या आत वर यावे.

पहिल्या वर्षी सगळा काठ हाती घेऊ नका. जिथे भेग दिसते आहे, तिथले पन्नास फूट घ्या. उन्हाळ्यात भेगेपासून आतल्या बाजूला एक खुंटी ठोका, खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहून ठेवा. पाणी उतरून काठ वाळला, की सुरक्षित अंतरावरून पुन्हा मोजा. शेजाऱ्याच्या काठावरही एक खुंटी ठोकायला सांगा. वाळुंज आणि शेरणीच्या फांद्या कुठे मिळतील ते गावातील कृषी कर्मचाऱ्याला विचारा. त्याला माहीत नसेल तर वरच्या अंगाच्या ओढ्यांवर गुरे राखणाऱ्या पोरांना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असते.