सांध्यावर पेन्सिल टेकवा

रेडिओवरून चित्रकला शिकवणं म्हणजे फोनवरून पुरणपोळी वाढणं, हे मला मान्य आहे. पण आज चित्र मी काढणार नाही, तुम्ही काढणार आहात. कुठे बघायचं, एवढंच मी सांगणार. साहित्य म्हणाल तर एक वही, टू बी पेन्सिल आणि बसायला जुनं वर्तमानपत्र. खोडरबर घरीच ठेवा. रेघ चुकली तर राहू द्या, शेजारी दुसरी मारा.

जागा पुण्याचीच घेऊ. शनिवारवाडा, दिल्ली दरवाज्यासमोरचं पटांगण. दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे थंडीच्या दिवसांत या बाजूवर थेट ऊन फारसं येतच नाही. सकाळी लवकर गेलात तर बुरुजांच्या पूर्वेकडच्या अंगाला तिरपा उजेड लागतो आणि त्यांची गोलाई उठून दिसते. दुपारी तेच बुरूज पुठ्ठ्याचे वाटतात.

मी पहिल्यांदा इथे बसलो तेव्हा सगळे करतात तेच केलं, वरून सुरुवात केली. दरवाज्यावरच्या नगारखान्याच्या लाकडी खांबांवर जीव जडला आणि तो इतका ऐसपैस काढला की दरवाज्याला कागदावर जागाच उरली नाही. शेजारी शेंगा खात बसलेले एक आजोबा वहीत डोकावले आणि म्हणाले, "अहो, यातून हत्ती कसा जायचा?" मला राग आला. पण त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. जुनी इमारत काढायला बसलं की आधी सांधा शोधायचा. एक माल संपतो आणि दुसरा सुरू होतो ती ओळ. पेन्सिल पहिल्यांदा तिथे टेकवायची. शनिवारवाड्याचा तट बघा. खाली घडीव दगड, वर विटा. ती आडवी रेघ कागदावर ओढलीत की मनात येतंच, दगड इथेच का थांबला? पुण्यात याची एक गोष्ट सांगतात. सबंध दगडी वाडा बांधायचा मान छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे, असा आक्षेप निघाला आणि वरचं काम विटांवर आलं. आख्यायिका आहे, आख्यायिका म्हणूनच ऐका. पण वीस वर्षं पटांगणावरून ये-जा करूनही जो प्रश्न पडत नाही, तो एका रेघेनं पडतो.

पहिल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी केली, 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. खर्च 16,110 रुपये. पुढे 27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली. लाकडाचे महाल गेले, दगडाची जोती राहिली. आगीनंही मालामालात भेद केला म्हणायचा.

आता दरवाजा. त्याच्या एकेका झडपेवर आठ-नऊच्या ओळींत 72 अणकुचीदार खिळे आहेत. सगळे काढायचा कंटाळा येईल, पण निदान दोन ओळी काढा आणि त्या जमिनीपासून किती उंच येतात ते हात लांब करून पेन्सिलीनं मोजा. ती उंची हत्तीच्या गंडस्थळाची आहे. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते खिळे. आजोबांच्या हत्तीचा उलगडा मला तिथे झाला. झडपेतली छोटी दिंडीही काढा, शेजारी एक माणूस उभा करा, म्हणजे सगळ्याचं माप कळेल. मग आत जा. वाट सरळ बागेत जात नाही, वळते. चालत चालत तिचा कच्चा नकाशा वहीत उतरवा. वळणावर धावून येणाऱ्या शत्रूचा वेग मोडतो, हे पायांना आधी कळतं.

जळालेले महाल कसे होते, हे मग कशावरून सांगायचं? इथे चित्रकार उपयोगी पडतात. टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाच्या, इथेच भरलेल्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र आहे. सवाई माधवराव, नाना फडणवीस, इंग्रज वकील मॅलेट, सगळे त्यात आहेत. त्याची रेखाटनं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. तो 1795 मध्ये वारला आणि चित्र थॉमस डॅनियलनं 1805 मध्ये पुरं केलं. डॅनियल त्या दरबारात नव्हता, त्यामुळे त्यातल्या थाटमाटावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. वेल्सबरोबर काम करणारा आपला गंगाराम तांबट मला अधिक जवळचा. त्यानं वेरूळची लेणी काढली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

शनिवारवाड्यातून चालत विश्रामबागवाड्यावर या. दुसऱ्या बाजीरावांचा वाडा, 1807 मध्ये पुरा झाला. दर्शनी भाग सगळा कोरीव लाकडाचा. तो पाहून छाती दडपते, म्हणून सगळा काढूच नका. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुनी माणसं घर खणांत मोजायची, तुम्हीही एकच खण घ्या. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा खांब, त्यावरची महिरप, बस्स. एक खण नीट काढायला तास लागतो आणि त्या तासात सुताराचा हात दिसायला लागतो. याच वाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा भरली. मे 1879 मध्ये हा वाडा आणि बुधवारवाडा एकाच रात्री पेटले. बुधवारवाडा गेला, हा डागडुजी होऊन राहिला. पुढे इथे नगरपालिकेची कचेरीही होती.

पाय दुखत नसतील तर मंडई. 1886 ची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. अष्टकोन काढायला अवघड, पण भाजीवाल्यांच्या गर्दीत चुका खपून जातात. मंडईवरच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता आणि आज मंडई त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

या सगळ्या इमारती उद्याही जागेवर असतील. पण तुमच्या गल्लीत एखादा कडीपाटाचा, देवडीचा जुना वाडा असेल आणि त्यावर बिल्डरचा बोर्ड लागला असेल, तर या रविवारी शनिवारवाडा राहू द्या. वही घेऊन आधी तिकडे जा, आतल्या आजींना विचारून ओसरीवर बसा आणि खण मोजा.